मुलांसाठी ऐतिहासिक रहस्यकादंबरी: आपल्या खान्देशातली आहे का कुठे? की आपणच लिहायची?

तापीकाठचं_वाचनालय

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात मी दर रविवारी सकाळी मुलांचा वाचनगट घेते, पाचवी ते नववीची चौदा पोरं-पोरी येतात, सतरंजी टाकून दोन तास आम्ही वाचतो. वर्षभरात फास्टर फेणे झाला, मराठीत आलेला फेलूदा झाला, मुलांना रहस्यकथेची अशी गोडी लागलीये की पुस्तक संपलं की पुढचं कुठंय म्हणून माझ्या मागे लागतात. मागच्या महिन्यात सहावीतला एक मुलगा म्हणाला, "ताई, आपला खान्देशमा इतला किल्ला शेतस ना, मग तठे कोनी डिटेक्टिव का बरं जात नही?" तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाहीये.

मी शोधलं. ऐतिहासिक म्हणून मुलांसाठी जे मिळतं ते बहुतेक शूरवीरांची चरित्रं, आणि ती छानच आहेत, पण त्यात शेवट आधीच माहीत असतो. गड सर होणार, महाराज सुटणार, हे पोरांना पहिल्या पानावरच माहीत असतं, मग सस्पेन्स राहतो कुठे? आणि जिथे रहस्य असतं तिथे सगळं पुणे-मुंबई-सह्याद्री. तापी नाही, गिरणा नाही, सातपुडा नाही.

शेवटी मीच लिहायला बसले. पारोळ्याचा भुईकोट घेतला, १७२७ च्या सुमाराचा, त्यात तेरा वर्षांचा मुलगा, रात्रीची वेळ, खंदक, भुयार, भुयारात पेटी. पहिलं प्रकरण रविवारी वाचून दाखवलं. मुलगा भुयारात शिरतो आणि काडी ओढून मशाल पेटवतो, तिथे सातवीतल्या एका मुलीने हात वर केला, "ताई, तेव्हा काडीपेटी होती का?" मला सांगता येईना. घरी येऊन शोधलं तर घासून पेटणारी काडी विकायला आली तीच मुळी १८२७ साली आणि तीही इंग्लंडात. म्हणजे बरोबर शंभर वर्षं चुकले मी. तिथेच लिखाण थांबलं, आता पुढे हातच चालत नाही, प्रत्येक वाक्याला वाटतं हे तेव्हा होतं का.

तर मला विचारायचंय की असं एखादं पुस्तक कोणाला माहीत आहे का, आणि नसेल तर लिहिताना शेवट माहीत असलेल्या गोष्टीत रहस्य आणायचं कसं, आणि मनाचं किती घालायचं? मुलांना खोटा इतिहास शिकवायचा नाहीये मला, आणि कंटाळाही आणायचा नाहीये. जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

अमळनेरची_आई

ताई तुमचा उपक्रम फार आवडला. पारोळ्यावरूनच एक सांगते, मराठी ऐतिहासिक कादंबरीचा पाया ज्यांनी घातला ते हरी नारायण आपटे जन्मले पारोळ्यातच, १८६४ साली. आपल्या मुलांना हे कोणी सांगतच नाही. आणि त्यांच्या 'उषःकाल'मध्ये भुयारं आहेत, वेषांतरं आहेत, कोण कोणाचा माणूस हे शेवटपर्यंत कळत नाही, म्हणजे रहस्य आणि इतिहास एकत्र हे आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वीच होतं. भाषा आता मुलांना जड जाते, मी माझ्या लेकाला दिली तर वीस पानांत ठेवून दिली. पण त्यांनी ती 'करमणूक' साप्ताहिकात तुकड्या-तुकड्याने छापली होती हे लक्षात घ्या. लोक आठवडाभर थांबायचे पुढे काय झालं म्हणून. तुम्हीही दर रविवारी एकच प्रकरण वाचा आणि मुलांना आठवडाभर तर्क करू द्या, वहीत लिहायला लावा कोणाचा संशय येतो ते.

गढीवरचा_नातू

पुस्तक माहीत नाही पण एक विनंती आहे, कृपा करून भुयार आणि खजिना नको. मनापासून सांगतोय. आमच्या गावात जुनी गढी आहे, पडकी, दोन बुरूज उरलेत. लहानपणी आमनी आजी सांगे का गढीमा नको जाऊ, तठे भुयार शे, ते थेट नदीपर्यंत जास. प्रत्येक गावात हीच गोष्ट असते. चार वर्षांपूर्वी अमावास्येच्या रात्री कोणीतरी येऊन गुप्तधनासाठी बुरुजाचा पाया खणला, लिंबू-कुंकू टाकून गेले, आणि त्या पावसाळ्यात बुरूज बसला. साडेतीनशे वर्षं उभा होता असं घरातले म्हणायचे. धन काही निघालं नाही, निघाली नुसती पांढरी माती आणि खापरं, आणि ती खापरंच खरी किमतीची होती, ती जेसीबीने की टिकावाने जी काय फोडली ती फोडली.

मुलांच्या डोक्यात किल्ला म्हणजे पैशाची पेटी असं बसलं तर तीच मुलं मोठी होऊन खणायला जातील. त्यापेक्षा गोष्टीत असं दाखवा की पेटी सापडते आणि पेटीत कागद निघतो, आणि तो कागद कोणीतरी का लपवला हे शोधायचंय.

बोरू_आणि_शाई (धुळे)

ताई, मी मोडी वाचतो, निवृत्तीनंतर तोच नाद आहे. वरच्या भाऊंनी कागदाचं म्हटलं त्याला माझं पूर्ण अनुमोदन, आणि आपल्याकडे कागदाला तोटा नाही. इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर पायपीट करत दप्तरं शोधत हिंडले, माळ्यावरच्या, कणगीमागच्या, वाळवीने खाल्लेल्या, १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले आणि शेवटी १९२६ च्या ३१ डिसेंबरला आपल्या धुळ्यातच गेले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे १९२७ मध्ये उभं राहिलं. माझ्या मते राजवाडे हाच खरा डिटेक्टिव्ह. मुलांना तिथे एकदा नेऊन जुना कागद दाखवा, बस.

आता तुमचा मुख्य प्रश्न, शेवट माहीत असतो मग रहस्य कसलं. ताई, काय झालं ते माहीत असतं, पण का झालं आणि कोणामुळे झालं हे खूपदा माहीतच नसतं. तुम्हाला मी एक तयार देतो, पारोळ्यापेक्षा भारी. थाळनेर.

२७ फेब्रुवारी १८१८. त्याआधी डिसेंबरात महिदपूरला होळकर हरले. ६ जानेवारीला मंदसोरचा तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख, म्हणजे आपला खान्देश, इंग्रजांना लिहून दिला. लिहून देणारे मल्हारराव होळकर तेव्हा अकरा-बारा वर्षांचे, तुमच्या गटातल्या पोरांएवढे. तहाच्या ५२ दिवसांनी सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन तापीकाठी थाळनेरच्या किल्ल्यासमोर आला. किल्लेदार तुळशीराम मामा. किल्ल्यातून गोळीबार झाला, मग इंग्रजांच्या तोफा, मग किल्लेदार स्वतः बाहेर आला आणि स्वाधीन झाला. इथपर्यंत ठीक. पुढे इंग्रज अधिकारी एकामागून एक दरवाजे ओलांडत आत गेले आणि शेवटच्या दरवाज्यात आतल्या अरब शिबंदीबरोबर, म्हणजे पगारी शिपायांबरोबर, काहीतरी बिनसलं, दोन अधिकारी तिथेच मारले गेले, आणि त्यानंतर किल्ल्यातली जवळजवळ तीनशे माणसं कापली गेली. आणि जो किल्लेदार आधीच ताब्यात होता, दरवाज्यात हजरही नव्हता, त्यालाच फाशी दिलं. ह्या फाशीवर पुढे विलायतेत पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले, हिस्लॉपच्या मोहिमेबद्दल आभाराचा ठराव केला पण थाळनेरची गोष्ट त्यातून वगळून.

आता सांगा, किल्लेदाराला तह झाल्याचं कळलं होतं का? कळलं असेल तर तोफा का डागल्या, कळलं नसेल तर खबर कुठे अडली? मंदसोर ते थाळनेर, मधे नर्मदा, मधे सातपुडा, जासूद पायी किंवा घोड्यावर. ५२ दिवस पुरेसे होते की नव्हते? आणि दरवाज्यात नेमकं काय झालं, कोणी दगा केला, की एकाची भाषा दुसऱ्याला कळली नाही म्हणून हात तलवारीवर गेला? माणसं मेली हे सगळ्यांना माहीत आहे, तरी पोरं श्वास रोखून वाचतील.

आणि क्लू म्हणाल तर तारीखच क्लू आहे. त्या काळच्या मराठी कागदांवर साल असं लिहितात: 'समान अशर मयातैन व अलफ'. समान म्हणजे आठ, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार. बेरीज करा, १२१८. हा सुहूर सन. ह्याचं वर्ष मृगाला सुरू होतं, शेतकऱ्याचं वर्ष जसं. इसवी सन काढायचा तर मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे १२१८ लिहिलेला कागद १८१७ चा की १८१८ चा हे महिना बघितल्याशिवाय कळत नाही! तुमच्या कथेतली मुलगी एक पत्र वाचते, सगळे समजतात पत्र तहाच्या आधीचं, आणि तिला महिना दिसतो आणि कळतं की नाही, हे तहाच्या नंतरचं. अख्खी कादंबरी इथे फिरते. सातवीच्या मुलांना ही बेरीज सहज येते.

मोडीत आणखी एक गंमत, शब्द सुटे लिहीत नाहीत, बोरू न उचलता ओळ चालते आणि इकार-उकार ऱ्हस्व-दीर्घ वेगळे नसतात. चुकीच्या जागी तोडलं तर अर्थच बदलतो.

मनाचं किती घालायचं त्याबद्दल मी स्वतः एवढं पाळतो की ज्यांची नावं कागदात आहेत त्यांच्या तोंडी कागदाविरुद्ध काही घालत नाही, आणि ज्यांची नावं कोणी लिहून ठेवलीच नाहीत, म्हणजे पखालवाला, चाबूकस्वार, कारकुनाची लेक, ती माणसं माझी. आणि पुस्तकाच्या शेवटी एक पान, खरं काय आणि रचलेलं काय. मुलं ते पान सगळ्यात आधी वाचतात, अनुभव आहे.

अमळनेरची_आई

सर, माहिती वाचून अंगावर काटा आला. पण एक शंका प्रामाणिकपणे विचारते. तीनशे माणसं कापली, फाशी, हे पाचवीच्या मुलांसमोर? माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, रात्री दिवा लावून झोपतो. इतिहास खरा म्हणून सगळा सांगायचाच का?

बोरू_आणि_शाई (धुळे)

ताई रास्त शंका आहे. मी कत्तल दाखवणार नाही. मुलीला दरवाज्याच्या आत ठेवूच नका, ती नदीपलीकडे आहे, तिला तोफा ऐकू येतात, मग एकदम शांत होतं, आणि संध्याकाळी घाटावर पाणी भरायला कोणीच येत नाही. एवढं पुरतं. पण फाशी गाळू नका, कारण न्याय झाला का हाच प्रश्न आहे आणि अकरा वर्षांच्या मुलाला न्याय-अन्याय आपल्यापेक्षा जास्त टोचतो.

गिरणाकाठचा

चाळीसगावकर बोलतोय, आमच्याकडचं रक्ताशिवायचं रहस्य घ्या. पाटणादेवी. सगळे तिथे नवरात्रात दर्शनाला आणि पावसाळ्यात धबधब्याला जातात, पण तिथला शिलालेख किती जणांनी बघितलाय? डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली तो उजेडात आणला. शके ११२८ चा आहे, म्हणजे आठशे वर्षांपेक्षा जुना. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला पाटणात मठ काढला आणि तिथल्या निकुंभ राजांनी त्याला दान दिलं असं त्यात आहे. चंद्रग्रहणाच्या दिवशी दिलेलं दान. आणि शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे, पाटणाच्या बाजारात जो माल येईल त्यावरचा राजाचा हिस्सा मठाला द्यावा अशा अर्थाचा. म्हणजे वर संस्कृत पंडितांसाठी आणि खाली मराठी कोणासाठी, तर बाजारात ज्यांना पैसे द्यायचेत त्यांच्यासाठी! माझ्या मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली पप्पा म्हणजे हा बोर्ड होता.

आता तो मठ कुठंय? पोथ्या कुठे गेल्या? आणि भास्कराचार्यांनी स्वतःचं गाव सह्याद्रीजवळचं विज्जडविड म्हणून सांगितलंय, ते नेमकं कोणतं ह्यावर विद्वान अजून भांडतात. कथेतला मुलगा मठात शिकणारा असेल, ग्रहणाच्या रात्री सगळे आकाशाकडे बघत असताना पोथी नाहीशी होते, आणि ग्रहण किती वेळ होतं ह्या गणितावरून चोर कुठपर्यंत जाऊ शकला असेल ते काढायचं. गणित हीच चावी. भास्कराचार्यांच्या गावात गणितानेच चोर पकडला पाहिजे.

काडीपेटीसारखी फसगत मात्र इथे जास्त होईल, म्हणून आधीच सांगतो. त्या काळात मिरची नाही, शेंगदाणा नाही, मका नाही, बटाटा-टमाटा नाही, हे सगळं पोर्तुगीज आल्यानंतरचं. म्हणजे ठेचा नाही, शेंगदाण्याची चटणी नाही, शेवभाजीचा तर्रीवाला रस्सा नाही. तिखट करायचं तर मिरे, पिंपळी, आलं. ज्वारी-बाजरी आहे, तीळ आहे, वांगं आहे, ताक आहे. मी हे एकदा शाळेत बोललो तर पोरं अर्धा तास नुसतं हेच विचारत बसली की मग ते लोक जेवायचे काय. विस्तव चकमकीने, गारगोटीवर पोलाद घासून ठिणगी कापसावर पाडायची, आणि शहाणं घर मुळात विस्तव विझूच देत नसे, राखेत निखारा झाकून ठेवायचं, विझला तर शेजारून आणायचा. ताई, तुमच्या मुलाला मशाल पेटवायला शेजारच्या घरी जावं लागेल आणि तिथे त्याला कोणीतरी बघेल. बघा, तुमची अडचण होती तिथेच प्लॉट तयार झाला.

आणखी मागे जायचं तर ह्याच पाटण्याला उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि एक कोरीव नक्षीचा तुकडा सापडलाय, साधारण पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. खान्देशात शहामृग! पण ते वेगळंच पुस्तक होईल.

सातपुड्याचा_मास्तर

मी शिरपूरच्या पुढे सातपुड्यात आश्रमशाळेत शिकवतो. सगळं वाचलं, चांगलं चाललंय, पण एक गोष्ट राहतेय म्हणून लिहितो. रहस्यकथेत एक गृहीत असतं की पोलीस चांगले, चोर वाईट, आणि डिटेक्टिव्ह पोलिसाच्या बाजूचा. आमच्या पोरांना ते गृहीत पटत नाही. खाज्या नाईक घ्या. आधी सरकारनेच सेंधवा घाटाच्या राखणीला ठेवलेला माणूस. पुढे त्याच सरकारविरुद्ध उठला, १८५७ च्या नोव्हेंबरात सरकारी खजिना लुटला, सात लाखांचा, आणि ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीची लढाई झाली, भिल्ल आणि इतर कितीतरी माणसं त्यात गेली. इंग्रजांच्या कागदात हे सगळे दरोडेखोर. आमच्या पाड्यावरचे म्हातारे तेच नाव घेतात तेव्हा आवाज खाली करून, मान देऊन घेतात.

आता तुम्ही ऐतिहासिक डिटेक्टिव्ह लिहिला आणि त्याने कागद वाचून 'लुटारू' शोधून काढला, तर माझ्या वर्गातली पोरगी विचारणार, सर, कागद कोणी लिहिला? हे मी कल्पनेने सांगत नाहीये, मागच्या वर्षी पाठ शिकवताना एकीने शब्दशः हेच विचारलं. मी तिला म्हटलं, बेटा, हाच प्रश्न परीक्षेत असायला हवा होता.

म्हणून मोडीवाल्या सरांना एक सुचवतो, रागावू नका. तुम्ही म्हणालात ज्यांची नावं लिहिली नाहीत ती माणसं माझी. सर, ती तुमचीही नाहीत. ती आमची आजा-पणजा आहेत, फक्त त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांना रचायचं असेल तर आधी त्यांच्या घरी येऊन ऐका. कथेत दोन साक्षी ठेवा, एक कागद आणि एक म्हातारं माणूस, आणि दोघांची गोष्ट जुळू देऊ नका. पोरांना ठरवू द्या कुठे कोण का खोटं बोलतंय, किंवा खोटं न बोलताही दोघांना वेगवेगळं का दिसलं.

बोरू_आणि_शाई (धुळे)

मास्तर, रागवायचं काय त्यात. बरोबर बोललात. मी ते वाक्य मागे घेतो. इतकी वर्षं कागद वाचतोय, कागदाबाहेर बघायची सवय मोडली होती. थाळनेरचंही तसंच आहे, जे आपल्याला माहीत आहे ते जवळपास सगळं जिंकलेल्यांनी लिहिलेलं. दरवाज्याच्या आतून बाहेर येऊन सांगायला फारसं कोणी उरलंच नाही.

भुसावळ_जंक्शन

उशिरा आलो. आमच्या भुसावळात मेजर रॉबर्ट गिलची कबर आहे, १८७९ साली तो वारला. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात त्याने उमेदीची कितीतरी वर्षं घालवली, मोठमोठे कॅनव्हास रंगवून लंडनला पाठवले, आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यातले बहुतेक जळाले. नंतर मुंबईच्या कला शाळेच्या ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या, त्यातल्या बऱ्याचशा १८८५ ला लंडनमध्येच पुन्हा आगीत गेल्या! दोन वेळा तीच चित्रं, दोन वेळा आग. अपघातच असतील, पण मुलांना हे सांगा आणि बघा कशी सरसावून बसतात. मी माझ्या मुलीला घेऊन कबरीवर गेलो होतो तर तिचा प्रश्न वेगळाच, पप्पा लेण्यात तर अंधार असतो, मग त्याला उजेड कोण दाखवायचं? ते नाव कुठे वाचल्याचं मला तरी आठवत नाही. कोणीतरी आपल्याकडचाच पोरगा असणार, आणि त्याने चित्रं साहेबाच्या आधी बघितली असणार. मास्तर म्हणतात तसं, त्याच्या बाजूने लिहा कोणीतरी.

आठवी_ब

मी पप्पांच्या मोबाईलवरून लिहिते आहे, त्यांना विचारून. मी तापीकाठच्या ताईंच्या गटात नाही, मी शहाद्याला राहते. मला रहस्यकथा खूप आवडतात म्हणून सांगते. मोठे लोक लिहितात तेव्हा गोष्ट मधेच थांबवून माहिती देतात, तो किल्ला कोणी बांधला त्याची लांबी किती रुंदी किती, तेव्हा मी पान पलटते. पण काडीपेटीचं मला आवडलं कारण तिथे माहिती नसेल तर चोर सापडत नाही. सुहूर सनाची बेरीज पण मी करून बघितली, बरोबर आली. नकाशा पाहिजे. आणि मुलगी असेल तर तिला घरात बसवू नका, सगळ्या गोष्टीत मुली घरात असतात आणि मुलगे किल्ल्यात जातात. माझी आजी सांगते तिच्या लहानपणी नदीवर पाणी भरायला गेल्यावर गावातलं सगळं कळायचं, कोण आलं कोण गेलं कोणाचं भांडण. तर पाणी भरणाऱ्या मुलीला किल्लेदारापेक्षा जास्त माहीत असणार. आणि शेवटी तात्पर्य लिहू नका प्लीज.

तापीकाठचं_वाचनालय

इतकं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, दोन दिवस वाचतेच आहे. आठवी ब, तुझं म्हणणं मी गटात वाचून दाखवलं, पोरींनी टाळ्या वाजवल्या.

पारोळ्याची पेटी मी सोडून दिली. थाळनेरच घेतलंय. मुलगी बारा वर्षांची, घाटावरून किल्ल्यात पाणी पोचवणाऱ्या घरातली, तिला लिहिता-वाचता येत नाही पण कानावर पडलेलं काही विसरत नाही. आणि किल्ल्यातल्या कारकुनाचा मुलगा, त्याला मोडी येते पण तो बाहेर कुठे जात नाही. पत्र त्याच्याकडे आहे आणि जासूद तिने बघितलाय. दोघं एकमेकांना भेटल्याशिवाय काहीच उलगडत नाही, आणि भेटतात तेव्हा दोघांचं जुळत नाही, मास्तरांनी म्हटलं तसं. जासूद कोणत्या दिवशी आला ह्यावर दोघांचं भांडण. ती सांगते अमावास्येच्या आदल्या दिवशी, कागद सांगतो वेगळंच. किल्लेदाराला कळलं होतं की नाही ते मी शेवटी सांगणार नाहीये. मला माहीत नाही तर कसं सांगू, मुलं काय ठरवतील ते ठरवतील. दर रविवारी एक प्रकरण, पहिलं झालं, मुलांनी वहीत संशयितांची नावं लिहिली, सात जणांनी कारकुनावर संशय घेतलाय.

विस्तव शेजारून आणायचा प्रसंग घातला, काडीपेटीवाल्या मुलीला आधी वाचायला दिला. तिने दोन चुका आणखी काढल्या. मी तिखट मिरची नव्हती म्हणून सगळीकडे मिरे घातले होते, ती म्हणे ताई १८१८ ला मिरची होती ना, पोर्तुगीज तर केव्हाच आले होते. आणि किल्ल्यात पहाटे 'पाच वाजले' लिहिलं होतं, तर म्हणे घड्याळ कोणाकडे होतं. तिथे आता 'कोंबडा आरवला' केलंय.

येत्या रविवारी गट घेऊन शिरपूरच्या एसटीने थाळनेरला जातोय. किल्ल्याची जी बाजू उरलीये ती बघायची, फारुकी सुलतानांच्या कबरी बघायच्या, आणि घाटापासून वरपर्यंत भरलेली कळशी घेऊन चढायला किती वेळ लागतो ते मोजायचं, कारण चौथ्या प्रकरणात ते लागणार आहे. कळशी घरून नेतोय. मास्तर, तुमच्या पाड्यावरचं कोणी म्हातारं माणूस बोलायला तयार असेल तर आम्ही तिथून पुढे तुमच्याकडे येऊ, फक्त ऐकायला. धुळ्याचे सर, तुम्ही याल का?

सातपुड्याचा_मास्तर

या. आजोबांना विचारलं, ते म्हणाले दुपारनंतर या, उन्हं उतरल्यावर बोलतील. पोरांना भाकरी इथेच खायला घालतो.

बोरू_आणि_शाई (धुळे)

येतो. घाटावर बसून शिकवेन मुलांना. बोरू किती आणू?

तापीकाठचं_वाचनालय

चौदा. नाही, पंधरा आणा सर, मलाही शिकायचंय.